कस्टम इन-इअर घ्यायचेत: स्टेजला आणि रोजच्या ऐकण्याला एकच जोडी पुरेल का?

खर्ज

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात घोळत होतं, आज धागा काढतेच. मी गाते. महिन्याकाठी पाच-सहा कार्यक्रम असतात आणि एरवी रोज दोन-अडीच तास कानात काही ना काही चालू असतं. नवीन चाली, स्वतःच्या रियाजाची रेकॉर्डिंग्ज, आणि आवडीचं ऐकणं तर आहेच. स्टेजवर आजवर पायाशी ठेवलेल्या वेज मॉनिटरवर, म्हणजे आपला आवाज आपल्यालाच ऐकवणाऱ्या तिरक्या स्पीकरवर, गात आले. मागे ड्रम्स आणि गिटारचा अ‍ॅम्प असला की माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. मग मी वेज वाढवायला सांगते, मग मागचे आपलं वाढवतात, आणि हे असं चढतच जातं.

वर्षभरापासून कार्यक्रमानंतर कानात बारीक शिट्टी राहते. आधी रात्रीतून जायची. मागच्या वेळी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होती. तेव्हा मात्र घाबरले.

तयार मिळणारे इन-इअर, म्हणजे थेट कानात घालायचे मॉनिटर, वापरून पाहिले, पुढे लावायच्या मऊ टिपा सगळ्या मापांच्या लावून. बोलताना ठीक वाटतात. पण तार सप्तकात तोंड उघडून ‘आ’ लावला की उजव्या कानातली टीप सुटते आणि बेस एकदम नाहीसा होतो. एका हातानं कान दाबून गावं लागतं. म्हणून आता कानाच्या मापाचेच करून घ्यायचं ठरवलंय. स्टेजला आणि रोजच्या ऐकण्याला एकच जोडी पुरेल का? एकेका कानात दोन ड्रायव्हरपासून (आवाज काढणारे आतले छोटे भाग) बारा ड्रायव्हरपर्यंत मॉडेलं दिसतात, त्यात बघायचं काय? कडक अ‍ॅक्रिलिक घ्यावं की मऊ सिलिकॉन? ज्यांनी वापरलेत त्यांनी सविस्तर लिहा, मला घाई नाही.

पडदा_आणि_शंख

खर्जताई, मी ऑडिओलॉजिस्ट आहे, त्यामुळे आधी शिट्टीबद्दल बोलते. इन-इअरचं नंतर.

ती शिट्टी म्हणजे कानानं दिलेला इशारा आहे. आतल्या कानातल्या केसपेशी माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. तेव्हा पैसे भरायच्या आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा आणि ऑडिओग्राम, म्हणजे कोणता सूर किती हळू असला तरी ऐकू येतो याची तपासणी, करून घ्या. आवाजाचा मार सहसा ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात आधी दिसतो, आणि तेवढा खड्डा बोलण्या-ऐकण्यात माणसाला जाणवतही नाही. आजचा कागद जपून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करता येईल.

आता तुमची टीप का सुटते ते. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटीमीटर लांब असते आणि तिला दोन वळणं असतात. बाहेरचा तिसरा हिस्सा मऊ कूर्चेचा, त्यापुढचा हाडाचा. जबड्याचा सांधा या मऊ भागाला अगदी खेटून असतो. तोंड उघडलं की सांधा पुढे सरकतो आणि नळीचा आकार बदलतो. बहुतेकांची नळी तेव्हा रुंदावते. दोन कानांत हा फरक सारखा नसतो, म्हणून तुमचा डावा टिकतो आणि उजवा सुटतो.

यासाठीच गाणाऱ्यांच्या कानाचा ठसा घेताना दातांत ठोकळा धरायला देतात, म्हणजे तोंड उघडं राहतं. तोंड मिटून घेतलेला ठसा रोज बसून ऐकायला जास्त आरामाचा वाटू शकतो, पण गायकाला तो दगा देतो. ठसा दुसऱ्या वळणाच्या पुढे गेलेला हवा. घ्यायला जाल तेव्हा आपण कशासाठी करून घेतोय ते आधी सांगा. श्रवणयंत्रासाठी घेतलेला ठसा अनेकदा त्यापेक्षा आखूड असतो. बनवणाऱ्याचा सूचनांचा कागद सोबत न्या. आणि पडद्याला भोक असेल, कान वाहत असेल किंवा आधी कानाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर ते न विसरता सांगा. मळ असेल तर आधी काढून घ्या आणि एक-दोन दिवस जाऊ द्या.

कानसेन

मी गात नाही, वाजवत नाही, फक्त ऐकतो, पण ते मनापासून. माझं पहिलं वाक्य हेच की ड्रायव्हर मोजू नका.

हे प्रकरण समजायला थोडं मागे जावं लागतं. या इन-इअरमध्ये जे बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर असतात ते मुळात श्रवणयंत्रांसाठी बनले. तांदळाच्या दोन-चार दाण्यांएवढी धातूची डबी, आत चुंबकांच्या मध्ये एक पातळ पट्टी. पट्टी हलते, ती एका बारीक दांडीनं पडद्याला हलवते. एटिमॉटिक कंपनीनं १९९१ साली ईआर-४ काढला तो एकाच अशा ड्रायव्हरचा, आणि आजही तो ऐकून लोक थक्क होतात. पुढे १९९५ मध्ये व्हॅन हेलन या रॉक बँडचा मॉनिटर इंजिनिअर जेरी हार्वी यानं ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हेलनसाठी कानाच्या मापाचे मॉनिटर बनवले आणि त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. खालच्या आणि वरच्या सुरांना वेगळा ड्रायव्हर, मध्ये सुरांची वाटणी करणारा क्रॉसओव्हर, ही रीत तिथून रुळली.

एकापेक्षा जास्त ड्रायव्हर असले की काम वाटलं जातं आणि मोठ्या आवाजातही ओढाताण होत नाही. हा फायदा खरा आहे. पण जितके ड्रायव्हर तितके ते एकमेकांत मिसळवणं कठीण. क्रॉसओव्हरच्या सांध्यावर सूर जुळले नाहीत तर बारा ड्रायव्हर असूनही गायकाचा आवाज पातळ लागतो. माझ्याकडे तीन ड्रायव्हरची कस्टम जोडी आहे. तिच्या आधी आठची होती, ती मी विकायला काढली तेव्हा कळलं की दुसऱ्याच्या कानाचा साचा कुणी घेत नाही. आतले ड्रायव्हर नव्या शेलमध्ये, म्हणजे कानाच्या मापाच्या कवचात, बसवून देणारे असतात, पण त्यात खर्च आणि जोखीम दोन्ही आलं. म्हणून पहिलीच निवड शांतपणे करा.

बेस कसा हवा हेही ठरवा. आर्मेचरचा बेस चपळ आणि नेटका असतो, पण छातीत घुमत नाही. डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे छोट्या स्पीकरसारखा कोन, हवा ढकलतो, त्यामुळे किक ड्रमला वजन येतं. हायब्रिडमध्ये दोन्ही असतात.

ठेका

ड्रमर आहे, सहा वर्षं कस्टम वापरतोय. कानसेन यांच्याशी सहमत. माझे हायब्रिड आहेत. आर्मेचरवर किक ऐकू यायची पण लागायची नाही, म्हणून मी आवाज वाढवत जायचो. शेवटी स्टुलाखाली कंपनं देणारा शेकर लावला. बेस अंगाला जाणवायला लागला आणि कानातला आवाज आपोआप कमी केला गेला. ताई, तुम्हाला शेकरची गरज नाही, पण मुद्दा तोच आहे: जे ऐकू येत नाही ते दर वेळी आवाज वाढवून मिळवायचं नसतं.

शांतता_हवी

थोडं वेगळं मत मांडतो. तयार इन-इअर ठेवून फक्त टिपा कानाच्या मापाच्या करून घेतल्या तर? मी तेच केलंय. खर्च खूप कमी, जोडी बदलली तरी नॉझलचं, म्हणजे टीप चढते त्या नळीचं, माप जुळत असेल तर टिपा चालतात, आणि इन-इअर विकताही येतो. मी प्रवासात आणि कामावर ऐकतो, स्टेजचा अनुभव नाही. रोजच्या ऐकण्याला मला काही कमी वाटलेलं नाही.

फेडरवाला

शांतता_हवी, रोजच्या ऐकण्याला तुमचा मार्ग चांगलाच आहे. स्टेजवर मी तो गायकाला सुचवणार नाही. टिपेच्या बाहेर इन-इअरचं धड लटकत राहतं, घामानं आणि मान फिरवल्यानं त्याचं वजन टीप ओढतं. पूर्ण शेल कानाच्या वाटीत बसतो, तो पकड घेतो.

मी मॉनिटर मिक्स करतो, म्हणजे स्टेजवरच्या कलाकारांना काय ऐकू जावं ते टेबलावरून जुळवतो. खर्जताई, तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर: एकच जोडी पुरते, पण निवड स्टेजच्या बाजूनं करायची. घरी ऐकताना थोडं कमी-जास्त झालं तर फोनमध्ये इक्वलायझर आहे. स्टेजवर सूरच सापडला नाही तर कार्यक्रम गेला. गायकाला मधला पट्टा स्वच्छ हवा, कारण आपला सूर आणि साथीचा सूर तिथेच भेटतात. घरात पाच मिनिटं ऐकल्यावर भारी वाटणारा, खूप झळाळता वरचा पट्टा दोन तासांच्या कार्यक्रमात कानाला टोचतो. आणि फुगवलेला बेस कीबोर्डच्या डाव्या हाताखाली तुमचा खर्ज गाडून टाकतो.

आणखी दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक, बेल्टपॅकचा, म्हणजे इन-इअर जोडतो त्या कमरेच्या डबीचा, आउटपुट इम्पिडन्स (विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध). आर्मेचरवाल्या जोडीचा इम्पिडन्स प्रत्येक फ्रीक्वेन्सीला वेगळा असतो. पॅकचा इम्पिडन्स जास्त असेल तर तीच जोडी फोनवर एक आणि पॅकवर भलतीच वाजते. ढोबळ नियम असा की उगमाचा इम्पिडन्स इन-इअरच्या सर्वात कमी इम्पिडन्सच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा. १६ ओहमच्या जोडीला २ ओहम. काही वायरलेस पॅक यात बसत नाहीत, म्हणून डेमो ऐकायला जाताना फोनबरोबर आपला पॅकही घेऊन जा. फार संवेदनशील जोडी असेल तर पॅकची सरसर शांत जागी ऐकू येते, तीही तेव्हाच कळेल.

दुसरं, पोलॅरिटी, म्हणजे आवाजाची लाट सुलट जाते की उलट. गायकाला स्वतःचा आवाज दोन वाटांनी मिळतो, कवटीच्या हाडांतून आणि इन-इअरमधून. हे दोन उलट फेजमध्ये भेटले तर खालचे सूर एकमेकांना खातात आणि आवाज पोकळ लागतो. इन-इअर घालून तोंड मिटा आणि खालचा ‘म्’ धरा. माइक जवळ ठेवा. मी टेबलावरून तुमच्या चॅनेलची पोलॅरिटी उलटसुलट करतो, ज्या बाजूला आवाज भरीव लागेल ती ठेवायची. एका मिनिटाचं काम आहे. कित्येक गायक नवे इन-इअर नावडले म्हणून परत वेजकडे गेलेले पाहिलेत, आणि दुखणं एवढंच होतं.

खर्ज

सगळ्यांचे खूप आभार. हे वाचून किती धीर आला सांगू. ऑडिओग्राम झाला. उजव्या कानात ४००० हर्ट्झला थोडा खड्डा आहे. डॉक्टर म्हणाले इथेच थांबवायचं. म्हणजे आता हौसेचा विषय राहिला नाही.

काल ठसाही दिला. आधी कानात दोरा बांधलेला स्पंजचा छोटा गोळा सरकवला, पडद्याला संरक्षण म्हणून. मग दातांत ठोकळा, आणि पिचकारीनं गार, मऊ लगदा. सुरुवातीला बाहेरचं जग हळूहळू लांब जातं. मग पूर्ण बंद. स्वतःचा श्वास आणि आवंढा एवढंच उरतं. पाच मिनिटं तशीच बसले होते. गंमत म्हणजे मला तेव्हा नकळत सूर लावावासा वाटला. बाईंनी बोट दाखवून थांबवलं, जबडा हलवायचा नव्हता. बाहेर काढलेला ठसा बघून नवल वाटलं, माझा उजवा कान डाव्यापेक्षा खरंच निराळा वळतो.

आता अ‍ॅक्रिलिक की सिलिकॉन यावर अडले आहे.

पडदा_आणि_शंख

ठसा पाठवायच्या आधी उजेडात धरून बघा. बुडबुडे, खड्डे, दुमडलेली कड असेल तर पुन्हा घ्यायला सांगा, संकोच करू नका. दुसरं वळण स्पष्ट दिसलं पाहिजे.

सिलिकॉन जबड्याबरोबर थोडं वाकतं, त्यामुळे गाताना सील, म्हणजे कानाची घट्ट बंद बसणी, चांगलं टिकतं. पण त्याला नंतर घासून किंवा थर चढवून दुरुस्त करता येत नाही, आतला ड्रायव्हर बिघडला तरी उघडणं अवघड. अ‍ॅक्रिलिक घालता-काढता सोपं, पुसायला सोपं, कुठे टोचलं तर तेवढी जागा घासून देतात, सैल झालं तर लॅकरचा थर देतात. तोंड उघडं ठेवून ठसा घेतला असेल तर बहुतेक गायकांचं अ‍ॅक्रिलिकवर भागतं. पहिली जोडी असेल तर मी तेच सुचवेन.

ठेका

+१ अ‍ॅक्रिलिक. आणि फिट दुरुस्तीची मुदत आधी विचारून ठेवा. अनेकांकडे ३० दिवसांच्या आसपास असते. जोडी हातात आली की कपाटात ठेवू नका, पहिल्या आठवड्यातच पूर्ण ताकदीनं गाऊन बघा.

कानसेन

रोजच्या वापराबद्दल एक सांगायचं राहिलं. कान बंद झाला की शरीराचे आवाज आत कोंडतात. चालताना प्रत्येक पाऊल धप्प वाजतं, काही चावलं की कवटीत दणदणाट. ५०० हर्ट्झच्या खालचं सगळं फुगतं. शेलची नळी हाडाच्या भागापर्यंत खोल गेली असेल तर हे बरंच कमी होतं, पूर्ण जात नाही. मी माझे बसून ऐकायलाच वापरतो. रस्त्यावर तर घालूच नयेत. नीट बसलेलं अ‍ॅक्रिलिक बाहेरचा आवाज साधारण २६ डेसिबलनं तोडतं असं बनवणारे सांगतात, मागून आलेल्या गाडीचा हॉर्न कानावर पडेलच याची खात्री नाही. त्यामुळे माझं मत फेडरवाला यांच्यापेक्षा थोडं वेगळं आहे: जोडी एक, पण फिरताना ऐकायला साधे, कान उघडे ठेवणारे काहीतरी वेगळे ठेवा.

फेडरवाला

हे मान्य आहे. मी बसून ऐकण्याचाच विचार करत होतो.

खर्ज

तीन आठवड्यांनी परत लिहितेय. चार आर्मेचरची अ‍ॅक्रिलिक जोडी आली. डेमो पॅक लावूनच ऐकला होता, आणि बरं झालं, कारण मला आधी आवडलेली जोडी पॅकवर नाकात बोलल्यासारखी वाजली.

घरी ऐकलं तेव्हा डोळे भरून आले. माझ्याच जुन्या रेकॉर्डिंगमध्ये श्वास घेतानाची घाई ऐकू आली, जी मला कधी कळलीच नव्हती. पण अडचण आहे. ‘आ’ लावला की उजवीकडचा बेस अजून पातळ होतो. आधीइतका नाही, पण होतो. मी चुकीचं घालतेय का? की हे असंच असतं?

पडदा_आणि_शंख

असंच नसतं. आधी घालणं तपासू. शेल थोडं पुढे झुकवून नळी आत घाला, मग मागे फिरवत वाटीत बसवा, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागे ओढा. वरची कड कानाच्या घडीत अडकली पाहिजे. काढताना केबल कधीही ओढू नका.

मग ही चाचणी करा. ५० हर्ट्झचा एकसारखा सूर हळू आवाजात लावा, एका वेळी एकच कान. तोंड मिटून ऐका, मग हळूहळू पूर्ण उघडा, मान दोन्हीकडे वळवा, हसा. सूर कुठे पातळ झाला ते लिहून ठेवा. सीलमध्ये केसाएवढी फट पडली तरी खालचे सूर आधी निसटतात, म्हणून ही चाचणी खोटं बोलत नाही.

खर्ज

केली. डावा कान शेवटपर्यंत भक्कम. उजव्यात तोंड दोन बोटं उघडेपर्यंत सूर टिकतो, तीन बोटं झाली की एकदम ओसरतो, आणि मान डावीकडे वळवली तर दोन बोटांनाच. मी तार सप्तकात नेमकी डावीकडे बघते, तिकडे कीबोर्ड असतो!

पडदा_आणि_शंख

इतकी नेमकी माहिती असेल तर अर्धं काम झालं. हेच शब्द बनवणाऱ्याला कळवा. नुसतं ‘सैल आहे’ म्हणाल तर ते सगळीकडे थर चढवतील आणि कान दुखेल.

शांतता_हवी

मी माझ्या टिपांवर ही चाचणी करून पाहिली. डावी टीप हसताना सुटते. दोन वर्षांत लक्षातच आलं नव्हतं, मला वाटायचं त्या बाजूचं रेकॉर्डिंगच तसं असतं. धाग्याबद्दल धन्यवाद.

खर्ज

उजवा शेल परत पाठवला. पहिल्या वेळी थर चढवून आला तो कडेला टोचत होता, आणि सील तसंच. मुदतीचे नऊ दिवस उरले होते. फोनवर ‘सवय होईल’ असं सांगण्यात आलं. मला ते पटलं नाही. सवय टोचण्याची होईल, निसटलेल्या सुराची कशी होणार? उजव्या कानाचा नवा ठसा घेतला, या वेळी मोठा ठोकळा दातांत धरून, आणि पाठवला. तुम्ही लोकांनी मुदतीचं आधी बजावलं नसतं तर मी गप्प बसले असते.

ठेका

चांगलं केलंत. मधल्या काळात कार्यक्रम असेल तर एकच कान घालून गाऊ नका, हे कळकळीनं सांगतोय. मी दोन वर्षं एक कान उघडा ठेवून वाजवलं, लोकांशी तुटल्यासारखं वाटायचं म्हणून. मेंदू दोन्ही कानांची बेरीज करतो, एक काढला की तीच पातळी गाठायला दुसरा वाढवला जातो, आणि उघड्या कानावर झांजांचा मारा चालूच. प्रेक्षकांचा आवाज हवा असेल तर स्टेजच्या कडेला त्यांच्याकडे तोंड केलेले दोन माइक लावून तुमच्या मिक्समध्ये घ्या.

फेडरवाला

ते मी करतोच, गाण्यांच्या मध्ये वर, गाण्यात खाली. आणि लिमिटर, म्हणजे ठरल्या पातळीवर आवाज जाऊ न देणारी सोय, चालू ठेवायला सांगा. कुणाच्या हातून माइक पडला तर तो धक्का थेट पडद्यावर जातो, वेजसारखं मधे अंतर नसतं.

पातळीचा हिशोब जवळ ठेवा. अमेरिकेतली नायॉश ही संस्था ८५ डेसिबलला ८ तास धरते आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला १५ मिनिटं. कस्टम इन-इअरनं कान आपोआप वाचत नाहीत. बाहेरचा आवाज तुटतो, त्यामुळे आतला कमी ठेवायची सोय होते. तो कमी ठेवायचा मात्र आपणच.

खर्ज

नवा उजवा शेल येऊन दहा दिवस झाले. ५० हर्ट्झचा सूर, तोंड चार बोटं उघडं, मान डावीकडे: जागचा हलला नाही. पहिले दोन दिवस कानाच्या वरच्या कडेला दडपण वाटलं, मग गेलं.

काल पहिला कार्यक्रम. साउंड चेकला ‘म्’ धरून पोलॅरिटी बघितली. उलट केल्यावर माझा खर्ज असा भरून आला की मी गाता गाता थांबले आणि टेबलाकडे बघून हात जोडले. आधी पॅकचं बटण घड्याळाच्या तीनच्या जागी असायचं, काल दहावर होतं. मध्यंतरापर्यंत दहावरच राहिलं. तार सप्तकातला ‘आ’ डावीकडे मान वळवून घेतला, दोन्ही हात मोकळे होते.

घरी येऊन दिवे बंद केले आणि पलंगावर बसून कान देऊन ऐकलं. शिट्टी होती, पण अगदी पुसट. सकाळी उठले तेव्हा नव्हती.

पडदा_आणि_शंख

वाचून फार बरं वाटलं. तरी सहा महिन्यांनी ऑडिओग्राम पुन्हा करा. रोज वापरून झाल्यावर कोरड्या कापडानं पुसा, नळीच्या तोंडातला मळ ब्रशनं काढताना तोंड खाली धरा, म्हणजे तो आत न जाता बाहेर पडेल, आणि रात्री ओलावा शोषणाऱ्या पुडीबरोबर डबीत ठेवा. कान दुखत असेल किंवा वाहत असेल त्या दिवशी घालू नका.

खर्ज

डबीवर तारीख लिहून ठेवली. कार्यक्रम आहे त्याच आठवड्यात, जमलं तर दोन दिवस आधीची वेळ घेते.